हात जपू नका, चालता ठेवा
स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरी करायच्या व्यायामाची कृती

सांगली जिल्ह्यात ‘तिला मिरजेला नेलंय’ एवढंच म्हटलं की ऐकणारा पुढचं समजून घेतो. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उघडला, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आता कॅन्सरची स्वतंत्र हॉस्पिटलंही आहेत. जत-आटपाडीपासून कर्नाटकातल्या अथणीपर्यंतच्या बायका छातीतल्या गाठीसाठी इथवर येतात. ऑपरेशन होतं, काही दिवसांनी बाई घरी येते आणि सगळं घर तिच्याभोवती उभं राहतं. सासू घागर उचलू देत नाही, नवरा दोरीवरचे कपडे काढतो, मुलगी वेणी घालून देते. सगळं मायेनं. दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं की हात खांद्याच्या वर जातच नाही. ब्लाउजच्या बाहीत तो घालताना कुणीतरी धरावा लागतो. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर ठेवून स्थिर पडा म्हणतात, तेव्हा बाईच्या डोळ्यांत पाणी येतं.

पुढची कृती आधी त्या हातासाठी आहे, मग बाकीच्या शरीरासाठी.

व्यायामाकडून किती अपेक्षा ठेवायची

२०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. भारतीय बायकांमध्ये हाच कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. जास्तीत जास्त हालचाल करणाऱ्या बायकांमध्ये त्याचा धोका कमीत कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा १२ ते २१ टक्क्यांनी कमी असल्याचं मोठमोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे. याची कारणंही बरीचशी कळलेली आहेत. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी त्याच इस्ट्रोजेनवर वाढतात. व्यायामानं चरबी घटते, इन्सुलिनची पातळी उतरते, शरीरातला सततचा दाहही कमी होतो.

पण धोका कमी होणं म्हणजे धोका जाणं नव्हे. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो, आणि तिनं किंवा तिच्या घरच्यांनी ‘काय चुकलं’ म्हणून शोधत बसायचं कारण नाही.

आजार झाल्यानंतरचं काय? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध अभ्यासात २,९८७ रुग्णांची माहिती तपासली गेली (२००५). आठवड्याला तीन ते पाच तास साध्या वेगानं चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. मात्र ती पाहणी होती. मुळात बऱ्या असलेल्या बायकाच जास्त चालत असतील, ही शंका तिथं उरते. खरी चाचणी म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून केलेली. तशी एक मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, ८८९ रुग्णांची. तीन वर्षं शिस्तीनं व्यायाम करणाऱ्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. पण तो कॅन्सर मोठ्या आतड्याचा होता. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगासनांची अशी चाचणी केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले: आजार न उलटता जगण्यात १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा. आकडे आशा वाढवणारे आहेत, तरी एका चाचणीवर विसंबून कुणाला वचन देण्याइतके पक्के मी मानत नाही.

पक्कं आहे ते वेगळं. थकवा कमी होतो, झोप सुधारते, मनावरचा ताण आणि उदासी उतरते, खांदा मोकळा होतो, उपचार झेपतात. एवढ्यासाठीही व्यायाम करायलाच हवा. तो केमोच्या, ऑपरेशनच्या किंवा रोजच्या गोळीच्या जागी मात्र येत नाही. सांगली हळदीची पेठ, त्यामुळे इथं प्रत्येक नातेवाईक हळदीचं काहीतरी सुचवतोच. भाजीत-आमटीत हळद हवी तेवढी घाला. हळदीच्या अर्काच्या गोळ्या केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

साहित्य

एक काठी, साधारण तीन फुटांची. केरसुणीचा जुना दांडा चालतो. मोकळी भिंत आणि पेन्सिल. शिंप्याचा टेप. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. न घसरणारी, पाठ असलेली खुर्ची. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवून ठेवा. पायाला घट्ट बसणारे बूट, कारण सपातांवर वेगानं चालता येत नाही. आणि एक वही.

पहिली पायरी: विचारून घ्या

घरी जायच्या आधी सर्जनना चार गोष्टी विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या. काखेतल्या किती गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या? हात खांद्याच्या वर न्यायला कधीपासून परवानगी? स्तनाची पुनर्रचना केली असेल तर कोणत्या हालचाली बंद? वजन कधी उचलायचं? पुनर्रचना झालेल्या बाईचं वेळापत्रक वेगळं असतं, तिनं खालच्या आठवड्यांचा हिशेब स्वतःला लावू नये.

आजार हाडात पोचला असेल तर हाही प्रश्न जोडा: कोणत्या हाडावर भार द्यायचा नाही? अशा वेळी जड वजन, झटके आणि कमरेचे पिळे टाळायचे असतात, चालणं बहुतेकदा चालतं. काही केमोची औषधं आणि ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध हृदयावर परिणाम करू शकतात, म्हणून टू-डी इकोचा रिपोर्ट काय सांगतो तेही विचारून ठेवा. फिजिओथेरपिस्टकडे एकदा तरी जाऊन या. कराडच्या कृष्णा हॉस्पिटलसारख्या शिकवणाऱ्या संस्थांत त्याचं स्वतंत्र महाविद्यालयच आहे. कागदावर वाचून केलेली हालचाल आणि कुणी हात धरून दाखवलेली हालचाल यांत फार फरक पडतो.

दुसरी पायरी: नळी असतानाचा आठवडा

छातीतून पाणी काढणारी नळी अजून आहे, टाके ओले आहेत. या दिवसांत कोपर खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचं नाही. पण हात स्वस्थही ठेवायचा नाही.

पडून राहिलात की त्या बाजूचा हात उशांवर असा ठेवा की तो छातीपेक्षा उंच राहील. त्याच अवस्थेत मूठ आवळा, सोडा. पंधरा ते पंचवीस वेळा. मग कोपर वाकवा, सरळ करा. दिवसातून दोन-तीनदा. बसल्यावर दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडा, खांद्यांचे हलके गोल फेरे काढा. पोट फुगेल असा पाच-सहा वेळा सावकाश श्वास घ्या. बाया टाक्यांच्या भीतीनं वरवरचे श्वास घेतात आणि मग पाठही आखडते.

याच आठवड्यात त्या हातानं स्वतः जेवा, दात घासा, तोंड धुवा, केसांना पुढून कंगवा लावा. घरच्यांनी ही कामं हातातून काढून घेऊ नयेत. घागर, बादली, गॅसचा सिलिंडर आणि कडेवर नातू या मात्र मनाई असलेल्या गोष्टी आहेत. नातवाची मनाई पाळणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून मुद्दाम लिहिली.

तिसरी पायरी: काठी आणि भिंत

नळी निघाली आणि सर्जननी होकार दिला की खरं काम सुरू होतं. ब्रिटनमध्ये ३९२ बायकांवर झालेल्या एका चाचणीत (२०२१) ज्यांचा खांदा आखडण्याचा धोका जास्त होता त्यांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिला. वर्षानं त्यांचे हात नुसता माहितीचा कागद मिळालेल्या बायकांपेक्षा चांगले चालत होते आणि दुखतही कमी होते. जखमेला त्यानं अपाय झाला नाही.

काठीचा व्यायाम. उताणं झोपा, गुडघे दुमडा. काठी दोन्ही हातांनी पोटावर धरा, तळवे वर. चांगल्या हाताच्या जोरावर काठी हळूहळू डोक्याकडे न्या. ताण जाणवला की तिथंच पाच आकडे मोजा, मग खाली आणा. पाच ते सात वेळा.

कोपरांचा व्यायाम. तसंच झोपून बोटं मानेमागे गुंफा, कोपरं छताकडे. आता कोपरं बाजूला उघडत अंथरुणाकडे न्या. पहिले काही दिवस कोपर अर्ध्यात अडकेल, अडकू द्या. रेडिएशनच्या टेबलावर हात साधारण याच तऱ्हेनं डोक्याच्या वर ठेवायचा असतो, म्हणून रेडिएशन ठरलेल्या बाईनं हा व्यायाम एकही दिवस चुकवू नये. तीन ते पाच आठवडे रोज मिरजेची एसटी धरायची असते. त्यात पहिल्याच दिवशी हात वर जात नाही म्हणून तारीख पुढे जायला नको.

भिंतीचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून वीतभर अंतरावर उभं राहा. बोटं भिंतीवर चालवत वर न्या, जिथं थांबतील तिथं पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पोरांची उंची भिंतीवर मांडतो तशी. रेघ रोज वर जाणार नाही. आठवड्याची आठवड्याला जायला हवी. समोरून जमलं की भिंतीला बाजू करून तेच करा. ते अवघड असतं, रेघ बरीच खालून सुरू होते.

शेवटी खुर्चीत ताठ बसून पाठीची दोन्ही पाती एकमेकांजवळ ओढा, खांदे कानांकडे न चढवता. पाच मोजा, सोडा. ऑपरेशननंतर बाया नकळत खांदे पुढं पाडून, पदर पुढं ओढून चालतात. ती ढब या व्यायामानं मोडते.

हे सगळं दिवसातून दोनदा, मिळून पंधरा-वीस मिनिटं. गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर केलं तर स्नायू सैल असतात. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा आणि मुंग्या बरेच महिने राहू शकतात, त्यांना घाबरू नका. काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखं काही हाताला लागलं तर फिजिओथेरपिस्टना दाखवा. असं पुष्कळांना होतं आणि हलक्या ताणांनी ते सुटतं. ‘शीर धरली’ म्हणून कुणाकडून चोळून मात्र घेऊ नका.

हात पहिल्यासारखा झाल्यावरही, विशेषतः रेडिएशन झालं असेल तर, रोज एकदा हे ताण द्यायचेच. रेडिएशननंतरचा आखडलेपणा उशिरा, कधी कधी वर्षानंतरही येतो.

चौथी पायरी: सुजेची वही

काखेतल्या लसिकाग्रंथी पूर्ण साफ केल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीच्या हाताला पुढं कधीतरी सूज येते. एक-दोनच तपासायला काढल्या असतील तर ते प्रमाण शंभरात पाच-सहा. या सुजेच्या भीतीनंच कित्येक दशकं बायकांना ‘त्या हातानं जड उचलू नका’ असं बजावलं गेलं, परदेशातही. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवर चाचणी केली. निम्म्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून सुरू करून, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग या गटात कमी आले आणि ताकद वाढली. जपलेला हात दुबळा होतो, आणि एखाद्या दिवशी अवचित बादली उचलावी लागली की नेमका तोच दगा देतो.

म्हणून भीतीऐवजी मोजमाप. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी सकाळी, दोन्ही हात टेपनं मोजा: मनगट, कोपराच्या घडीपासून १० सेंटीमीटर खाली, आणि तितकंच वर. वहीत दोन रकाने करा. ऑपरेशनपूर्वीचं माप असेल तर उत्तम. दोन हातांतला फरक २ सेंटीमीटरपर्यंत गेला, किंवा बांगडी अचानक रुतू लागली, बाही घट्ट झाली, हात जड वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. लवकर पट्टा किंवा दाबाची बाही सुरू केली तर सूज आटोक्यात राहते. ती बाही मापानं घ्यावी लागते, शेजारणीची घालू नये.

त्वचा जपणं मात्र खरोखर गरजेचं आहे. या भागात ते सोपं नाही. उसाचं पाचट करवतीसारखं हात कापतं, द्राक्षबागेत कात्री लागते, भाकरी टाकताना तव्याची कड चटकते. शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. खरचटलं तर साबणानं धुऊन मलम लावा. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकू नका.

पाचवी पायरी: चालणं

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अंगणात चाला. मग सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. पहिला मुक्काम आठवड्यातून तीनदा अर्धा तास. थकवा आणि मन यांच्यावर एवढ्यानंही फरक पडतो. पुढचा मुक्काम आठवड्याला १५० मिनिटं. वेग असा की चालता चालता बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

‘दिवसभर कामच करते, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो अडाणीपणाचा नाही. शेतावर चालत जाणं जरूर धरा. पण खुरपणीत बाई तासन्‌तास वाकून बसते. हात वर जात नाही, दम वाढत नाही, आणि थांबायचं कधी हे तिच्या हातात नसतं. घरकामाचं तेच. व्यायामाची ती अर्धी घटका तिची स्वतःची असावी लागते. ती तिला मिळावी म्हणून घरच्यांनी सकाळचा चहा स्वतः करून घ्यावा, एवढीच मदत पुरे.

शहरात आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे, हरिपूरचा रस्ता आहे. पावसाळ्यात घाट निसरडा होतो, तेव्हा तो सोडा. गावात जिल्हा परिषद शाळेचं मैदान सगळ्यांत चांगलं. ऊसतोडीच्या महिन्यांत पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर चालू नका. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला बाजूची बाई दिसत नाही. उजाडू द्या, आणि समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनं चाला. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी.

केमो चालू असताना आठवडे सारखे नसतात. सुई घेतल्यानंतरचे दोन-तीन दिवस घरातल्या घरात पाच-पाच मिनिटंच होईल, चालेल. पुढं साधारण आठवड्यानं पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा गर्दीची जिम, जत्रा, लग्नाचा मांडव टाळा आणि मोकळ्यावर चाला. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर व्यायाम सोडाच, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. पायाला मुंग्या येत असतील तर ढेकळांतून चालणं नको, सपाट जागा निवडा. केमोसाठी हातात नळी ठेवली असेल तर त्या हाताच्या व्यायामाबद्दल आधी विचारा.

सहावी पायरी: जोर आणि बैठका

हा जिल्हा तालमींचा. पण तालमीची पायरी बाईनं चढायची नाही, अशीच इथली रीत होती. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी कुस्ती सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यामुळे काकूंनी बैठका मारल्या तर आता हसायचं कारण नाही.

ऑपरेशनला साधारण सहा ते आठ आठवडे झाले, खांदा मोकळा झाला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून:

बैठक: खुर्चीच्या कडेवर बसून हात न टेकता उठा, बसा. दहा वेळा.

जोर: भिंतीपासून हातभर दूर उभं राहून तळवे भिंतीवर छातीच्या उंचीला टेकवा, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्या, परत या. आठ वेळा.

बाटल्या: आधी रिकाम्या, मग अर्ध्या, मग भरलेल्या. कोपरातून वाकवून खांद्याकडे न्या. मग किंचित पुढं वाकून कोपरं मागं ओढा. प्रत्येकी आठ ते बारा.

टाचा: खुर्चीची पाठ धरून टाचा उचला, खाली ठेवा. इस्ट्रोजेन अडवणाऱ्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. पायावर भार घेणारा व्यायाम त्यासाठी हवाच.

श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. सलग दोन-तीन वेळा सहज झालं आणि हातात जडपणा आला नाही तरच पुढचं वजन घ्या, एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही. आठवडाभर खंड पडला तर एक वजन खाली उतरून सुरू करा. सूज आधीच असेल तर दाबाची बाही घालून आणि फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच.

लगेच थांबायचं कधी

छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, पाठीत किंवा मांडीच्या हाडात रात्रीही न थांबणारी नवी कळ सुरू झाली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. नुसता थकवा असेल तर बंद करू नका, निम्मं करा.

पुढच्या तपासणीला जाताना वही पिशवीत घाला: भिंतीवरच्या रेघांच्या तारखा, हातांची मापं, आठवड्याची चालण्याची मिनिटं. डॉक्टर मॅमोग्राफीची तारीख देतील तीही त्याच वहीत लिहा, आणि उठण्यापूर्वी विचारा की आता बाटलीऐवजी पाण्याची कळशी उचलायला हरकत आहे का.